ओढा उतरेपर्यंत

शिकागो
१९ जुलै २००४

चि. राधिका हिला अनेक आशीर्वाद.

'चि.'च्या पुढे खोडलेलं दिसेल. हाताला सवय आहे, 'सौ.' लिहून गेला. कागद बदलणार होते, पण पुन्हा तिथपर्यंत येऊन थांबायचा धीर झाला नाही, म्हणून तसाच पाठवतेय. रागावू नकोस.

तेरावं आटोपून तुझ्याकडून निघाले तेव्हापासून तुझ्याशी नीट बोलणं नाही. फोनवर तू गप्प होतेस आणि मी वर्गात उभी असल्यासारखी बोलत सुटते. नरेंद्र म्हणाले, "पत्र लिही, म्हणजे मध्ये घंटा होणार नाही." त्यांचे विनोद असे असतात. पंचवीस वर्षं ऐकतेय.

मला एकच विचारायचंय. यतीन का थांबला नाही?

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी कॉलेजात. त्याला मी वाढवलं हे तुला माहीत आहे, पण डोंगरात कसं वाढवलं ते माहीत नसेल. बारा वर्षांचा असताना पावसाळ्यात राजमाचीवरून कोंढाणे लेण्यांकडे उतरताना फुगलेला ओढा आडवा आला. पोरगं निघालं तसंच पाण्यात. मी कॉलर धरून मागे ओढलं आणि पाठीत धपाटा घातला. मग शिकवलं. ओढा आडवा आला की आधी चहा टाकायचा. पाण्याच्या कडेला एक दगड ठेवायचा, त्यावरून पाणी चढतंय की उतरतंय ते कळतं. मग आभाळ बघायचं. आभाळ उघडं असेल तर दोन चहा होईपर्यंत ओढा उतरतो. मग जायचं. आमच्या सगळ्या ग्रुपचा हाच नियम होता, आणि इतक्या वर्षांत एकाचा पायही मुरगळला नाही. तू माझ्या भावाशी लग्न केलंस तेव्हा त्याच्या सामानात माझी जुनी सॅक आणि माझं कान मोडलेलं पातेलं होतं, आठवतं? त्या पातेल्यातच चहा व्हायचा.

आणि असा मुलगा कोलोरॅडोत, जूनच्या स्वच्छ उन्हात, पावसाचा थेंब नसताना, घळईच्या तोंडाशी वाहत्या पाण्यात उतरतो? दोन चहांपुरता थांबला असता तर आज असता. का थांबला नाही, एवढं मला कळलं पाहिजे. त्याशिवाय मला जेवण जात नाही.

त्या दिवशी त्याच्याबरोबर गेलेल्या प्रसन्नला विचारलं तर तो नुसता रडला. नागपूरचा माणूस, त्याला ओढा काय कळणार. म्हणून तुला विचारतेय.

आणि ती सॅक मला पाठव. पातेल्यासकट.

रुहीला आत्याचा पापा.

सुलेखाताई

*

जर्सी सिटी
८ ऑगस्ट २००४

ती. ताई,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. ऑफिस परत सुरू केलं. माझा व्हिसा माझा स्वतःचा आहे, त्यामुळे निदान देश सोडायची कटकट नाही. सगळे म्हणतात केवढं नशीब. मी मान हलवते.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर देते.

घाई मी केली होती. मी आणि रुही खाली गावात मोटेलवर होतो. सकाळी निघताना मी त्याला म्हणाले, "सहाच्या आत ये, बाहेर जेवायला जायचंय, रुहीला उशीर चालत नाही." तो हो म्हणाला. वरच्या तळ्यापर्यंत जाऊन परत येताना त्यांना उशीर झाला, आणि माझ्यासाठी तो थांबला नसणार.

सॅक कुरिअरने पाठवलीय. त्यात रेनकोट, टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि तुमची शिट्टी आहे. पातेलं सॅकमध्ये नव्हतं.

रुही शाळेत जाते. त्याच्याबद्दल विचारत नाही. नदीचं चित्र काढायला सांगितलं की काढत नाही, एवढंच टीचरने कळवलंय.

तुमची,
राधिका

*

शिकागो
२४ ऑगस्ट २००४

राधिका,

सॅक मिळाली.

खरं सांगितलंस त्याबद्दल आभार मानायला हवेत, पण मला जमणार नाही. जेवायला जायचं होतं! तिथल्या कुठल्याशा हॉटेलातल्या जेवणासाठी माझा भाऊ पाण्यात उतरला. मी त्याला दोन घास भरवून, एक धपाटा घालून जे शिकवलं, ते तू "सहाच्या आत ये" म्हणून पुसून टाकलंस.

आणि त्यानेही पुसू दिलं. पातेलं नेलंच नव्हतं म्हणजे थांबायचा विचारच नव्हता. ताईचं काय, ती म्हातारी झाली, शिकागोत बसून मुलांच्या डे-केअरमध्ये एबीसीडी म्हणते. तिचं ऐकायचं कशाला! नरेंद्र म्हणतात, मेलेल्या माणसावर रागावू नये. मग कोणावर रागवू ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी शोधलंय.

रुहीच्या वाढदिवसाला इथल्या डेव्हनच्या देशी बाजारातून घेतलेला परकर-पोलका पाठवते. तो तिला घाल. बाकी आपलं बोलणं इतकंच.

सुलेखा

*

सिॲटल
१७ ऑक्टोबर २००४

राधिकावहिनी,

नवी नोकरी लागली, इकडे आलो, तुम्हाला नीट सांगूनही निघालो नाही. सॉरी. जर्सी सिटीत तुमच्या बिल्डिंगच्या खालून रोज ट्रेनला जाणं जमत नव्हतं यार.

सुलेखाताईंचं पत्र आलं. मला भित्रा म्हणाल्यात. म्हणाल्यात, "तू मागे राहिलास आणि त्याला पुढे घातलंस, आणि तो तिच्या जेवणासाठी गेला." वहिनी, कुठलं जेवण? तुम्ही तर सकाळी म्हणाला होतात, "निवांत या, आम्ही पूलमध्ये डुंबतोय." मी तिथेच उभा होतो, बुटांच्या नाड्या बांधत. तुम्ही त्यांना हे का सांगितलंत?

मी त्यांना खरं लिहिणार आहे. तुम्हाला आधी कळावं म्हणून हे.

सकाळी जाताना ते पाणी पोटरीपर्यंतही नव्हतं. आम्ही हसत पार गेलो. परत आलो तर तिथे नदी होती. ढग एक नाही. यतीनला इतकं नवल वाटलं की तो खूश झाला, खरं सांगतो. म्हणाला, "चला, ताईची आज्ञा, आधी चहा." सॅकमधून ते कान तुटलेलं पातेलं काढलं, गॅस पेटवला. पाण्याच्या कडेला दगड ठेवला. पहिला चहा पिऊन झाला, दगड बुडला होता. त्याने मागे दुसरा ठेवला. दुसरा चहा झाला, तोही बुडला. तो मला म्हणाला, "आभाळ तर उघडं आहे रे, हे येतंय कुठून?" मग म्हणाला, "ताई दोन चहा म्हणते, इथली नदी तिसरा मागतेय." तिसरा टाकला. ऊन कड्यामागे गेलं होतं, मला थंडी वाजायला लागली होती, आमच्याकडे तंबू नव्हता. तो म्हणाला, "वर कुठेतरी पाऊस पडला असणार. मग आणखी चढेल. तू चहा गाळ, मी किती खोल आहे बघून येतो." सॅक ठेवली, काठी घेतली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

रेंजरने दुसऱ्या दिवशी सांगितलं ते तुम्हीही ऐकलंय. वर बर्फ होतं. दिवसभर ऊन लागतं, बर्फ वितळतं, ते पाणी खाली पोचायला संध्याकाळ होते. आभाळ जितकं उघडं तितकं पाणी जास्त. इथले लोक पहाटे पार होतात, अडकले तर रात्रभर बसून राहतात. मी बसलो ना रात्रभर. सकाळी उठलो आणि बूट ओले करत पार झालो. पोटरीपर्यंत पाणी, वहिनी. तिथून मी चालत आलो.

तो थांबला होता. तेच तर झालं. आल्या आल्या, पहिल्या चहाच्या आधी गेला असता तर कदाचित पार झाला असता.

मी हे ताईंना लिहितो. मला भित्रा म्हणा, चालेल, पण खोट्यासाठी नको.

प्रसन्न

*

जर्सी सिटी
३१ ऑक्टोबर २००४

प्रसन्न,

लिहू नकोस.

तुझं शेवटचं वाक्य परत वाच, आणि ते ताईंना वाचायला लागलं तर काय होईल ते बघ. त्यांनी सांगितलं होतं तसंच त्याने केलं. चहा, दगड, आभाळ, सगळं. एकही गोष्ट विसरला नाही. त्या बाईने आईविना पोराला जिवापाड जपून जी एक गोष्ट शिकवली, तिनेच तो गेला. हे कोणत्या शब्दांत लिहिणार आहेस तू?

आत्ता त्या माझ्यावर चिडल्यात. चिडलेला माणूस उठतो, जेवतो, पत्रं लिहितो. मी बघितलंय, त्यांचं अक्षर सुधारलंय. मला शिव्या देण्यासाठी का होईना, त्या जगतायत. माझं काय जातंय? मी तशीही कोणाच्या चांगुलपणाच्या सर्टिफिकेटची वाट बघत नाहीये. मला तो हवा होता.

खरं सांगते, कधीकधी मलाही त्यांचा राग येतो. रेंजर सांगत होता तेव्हा तिथेच ओरडावंसं वाटलं होतं, की त्या शिकागोच्या बाईला बोलवा आणि तिला सांगा. मग त्या आल्या, आणि त्याच्या शर्टची घडी घालत बसल्या. बाही लहान मुलाची असावी तशी घालत होत्या. मग मला ओरडता आलं नाही, आणि आता येणार नाही.

तुला भित्रा म्हणाल्या ते सोस. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी. पातेलं माझ्याकडे आहे. कपाटात वर ठेवलंय.

राधिका

*

शिकागो
२२ मे २००५

राधिका,

नऊ महिन्यांनी लिहितेय. वर्षश्राद्ध तू तिकडे तुझ्या पद्धतीने कर. मी आणि नरेंद्र कोलोरॅडोला जातोय, त्या घळईपाशी. श्राद्ध भटजींचं, मला जागा बघायचीय. तो कुठून गेला, पाणी केवढं होतं, पलीकडे तळं आहे म्हणतात ते कसं आहे, सगळं बघणार. पलीकडे जाऊन, तो बसला असता तिथे बसून, शांतपणे दोन चहा करून मग परत येईन. एकदा तरी तिथे कोणीतरी ते नीट करायला हवं.

तुला कळवलं, कारण नरेंद्र म्हणाले कळवायला हवं.

सुलेखा

*

जर्सी सिटी
२८ मे २००५

ती. ताई,

नमस्कार.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून ओव्हरनाइट पोस्टाने पाठवतेय.

जाऊ नका, असं म्हणणार होते. तुम्ही ऐकणार नाही. मग निदान एवढं ऐका. पलीकडे जाऊ नका. पाणी घोट्याएवढं असलं, पोरं त्यात खेळत असली, तरी नाही. अलीकडेच बसा. चहा करायचा तर अलीकडे करा. आणि ऊन कलायच्या आत खाली या.

का ते विचारू नका. तुम्हाला रुहीची शपथ आहे. तुम्ही शपथ मानत नाही हे मला माहीत आहे. तरी रुहीची आहे.

ती परवा विचारत होती, "मॉम, इज आत्या मॅड ॲट अस?" मी म्हटलं, तुझ्यावर नाही. तिला तुम्ही लागता, ताई. तिच्या बाबाच्या बाजूचं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

राधिका

*

घळईच्या काठावरून
२६ जून २००५

राधिका,

तुझ्या शपथेची गंमतच वाटली. शाळेत मुली 'विद्येची शपथ' म्हणायच्या, तर मी अंगठे धरून उभं करायचे. पण रुहीचं नाव घातलंस, तेव्हा बसलेय अलीकडे, आज्ञाधारक. नरेंद्र पाठीमागे झाडाखाली पेपर घेऊन बसलेत.

सकाळ आहे. जागा भयंकर सुंदर आहे, हे लिहायलाही लाज वाटते. वर हिरवं कुरण, त्याच्या वर बर्फाचे पट्टे, आणि इथून खाली एकदम खडक चिरलेला. भूगोलाच्या पुस्तकात घळईची आकृती असते ना, अगदी तशी. मी फळ्यावर काढायचे. खाली वाकून बघितलं, तळ दिसत नाही, नुसता आवाज येतो. तिथून तो गेला.

पण पाणी बघून माझं डोकं फिरलं. घोट्याच्या जरा वर असेल. यात बुडतो का माणूस? आत्ता एक कुटुंब चप्पल हातात घेऊन पलीकडे गेलं. मला शंका यायला लागलीय की प्रसन्न आणि तू मिळून माझ्यापासून काहीतरी लपवताय. शपथ नसती तर मी केव्हाच पलीकडे असते.

दुपार. जेवलो. ते कुटुंब परत गेलं. त्यांच्यातली आजी मला म्हणाली, लवकर निघा. का ते मला नीट कळलं नाही, हसून मान हलवली.

चहा टाकला. कडेला दगड ठेवला, सवयीने. आभाळ निरभ्र आहे.

पहिला चहा झाला. दगड ओला आहे.

राधिका, दगड बुडला. मी दुसरा ठेवला. नरेंद्रना हाक मारली. ते म्हणाले, पाऊस वर पडला असेल. मी वर बघितलं. वर पाऊस नाही. वर ऊन आहे, आणि उन्हात बर्फ चमकतंय.

आठवीचा भूगोल. 'हिमालयातील नद्या बारमाही का असतात?' दोन मार्क. 'कारण उन्हाळ्यात बर्फ वितळून त्यांना पाणी मिळते.' किती वर्षं शिकवलं मी हे. पोरं 'पाऊस पडतो म्हणून' लिहायची, त्यावर मी लाल फुली मारायचे. यतीनच्याही पेपरात मारली असेल.

दुसरा दगड बुडला. आता मी इथून उठत नाही, नरेंद्र म्हणतायत निघू या. आवाज इतका वाढलाय की त्यांना ओरडावं लागतंय. सकाळी चपला हातात घेऊन लोक गेले तिथून आता एक ओंडका गेला, आणि घळईत पडताना त्याचा आवाजही आला नाही.

ओढा उतरत नाहीये. उतरणार नाही. मी कितीही चहा केले तरी.

तू पातेलं नव्हतं म्हणालीस. नव्हतं? माझा यतीन पातेल्याशिवाय घराबाहेर पडत नव्हता. मी ते मानलं कसं? मला मानायचं होतं म्हणून. तो माझं ऐकेनासा झाला होता, तू त्याला घाई केलीस, प्रसन्न भित्रा, असं सगळं मानलं. एक वर्ष मानलं.

तो थांबला होता ना? मी शिकवलं तसंच केलं ना त्याने?

मला समजवायला म्हणून काही लिहू नकोस. फक्त हो किंवा नाही लिही.

सुलेखा

*

जर्सी सिटी
५ जुलै २००५

ती. ताई,

नमस्कार.

हो.

थांबला होता. चहा केला, दगड ठेवला, आभाळ बघितलं. एकही गोष्ट चुकला नाही. मी त्याला "निवांत या" म्हणाले होते. सहाचं जेवण नव्हतंच.

तुम्ही समजवू नकोस म्हणालात, आणि मला येतही नाही. तुम्हाला काय माहीत होतं, तो वाचावा म्हणूनच तुम्ही शिकवलं होतंत, हे सगळं मी स्वतःला वर्षभर सांगितलंय. ते खरं आहे, पण उपयोग होत नाही. तो चुकला किंवा मी चुकले असं तुम्हाला वाटत राहिलं असतं तर तुम्ही त्यावर जगला असता. म्हणून शपथ घातली. ती पाण्यासाठी होती, पण या दुसऱ्या गोष्टीसाठीही होती. पहिल्यापुरती चालली.

नरेंद्रभावजींचा फोन आला होता. तुम्ही जेवत नाही म्हणाले. मी रुहीला घेऊन शनिवारी येतेय. तिला परकर-पोलका आखूड झालाय, तरी तोच घालून येणार म्हणते. तिला बघून तुम्हाला बरं वाटेल असं मी म्हणत नाही. ती येतेय, एवढंच.

पातेलं बरोबर आणते. प्रसन्नला तो म्हणाला होता, "तू चहा गाळ, मी बघून येतो." तो चहा प्रसन्नने गाळला नाही, आणि पातेलं तसंच माझ्याकडे आणून दिलं. मीही ते धुतलं नाही. तळाला तिसऱ्या चहाची पूड चिकटलेली आहे.

राधिका